पाचवे कलम

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आज ज्या एका गोष्टीसाठी आवर्जून घेतले जाते ती म्हणजे रविवारची सुटी. आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी ती सुटी मान्य केली हे ज्यांना ठाऊक असते त्यांच्याही स्मरणात बहुधा हे राहिलेले नसते की, या मागणीचा लेखी अर्ज त्यापूर्वी सहा वर्षे सादर झालेला होता आणि त्यात रविवारखेरीज आणखी चार कलमे होती. सप्टेंबर १८८४ मध्ये परळ व भायखळा येथे भरलेल्या कामगारांच्या सभांतून सिद्ध झालेला आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांनिशी सरकारी फॅक्टरी कमिशनपुढे गेलेला हा अर्ज आजच्या दृष्टीने माफकच म्हटला पाहिजे: आठवड्यास एक दिवस पुरी विश्रांती, दुपारी अर्ध्या तासाची सुटी, सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्तास संपणारा कामाचा दिवस, आणि मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत. पाचवे कलम मात्र या चारांच्या पंक्तीत बसणारे नव्हते. काम करीत असता गंभीर इजा होऊन जो कामगार काही काळ निकामी होईल त्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो जन्माचा अपंग होईल त्याच्या उपजीविकेची योग्य तजवीज व्हावी, असा त्याचा आशय होता.

या कलमात काय मागितले आहे याइतकेच त्यात काय विचारलेले नाही हेही पाहण्यासारखे आहे. इजा कोणाच्या चुकीने झाली, मालकाच्या, मजूर भरती करणाऱ्या मुकादमाच्या म्हणजे जॉबरच्या, शेजारच्या गड्याच्या की खुद्द जखमी झालेल्याच्या, याचा उल्लेखही त्यात नाही. इजा कामावर झाली एवढे पुरे. ठाण्यात १८४८ साली जन्मलेल्या, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक पंथातील, स्वतः गिरणीच्या कोठारात नोकरी केलेल्या आणि ‘दीनबंधु’ पत्राची संपादकी सांभाळणाऱ्या या गृहस्थाने जे तत्त्व दोन ओळींत मांडले, ते हिंदुस्थानच्या कायद्यात उतरण्यास १९२४ साल उजाडावे लागले. रविवार सहा वर्षांत मिळाला, पाचव्या कलमास चाळीस वर्षे लागली, आणि तेही अर्धेमुर्धेच मिळाले. लोखंड्यांचे मोठेपण रविवारापेक्षा या कलमात अधिक आहे असे माझे मत आहे. त्याचे कारण समजण्यासाठी मात्र बरेच मागे जावे लागते.

शरीराच्या इजेचा मोबदला ही कल्पना आपल्याकडे साहेबाबरोबर आली, असा एक समज आहे. तो खरा नाही. मनुस्मृतीत आणि याज्ञवल्क्यस्मृतीत दुसऱ्याचे अंग दुखावणाऱ्याने राजाला द्यावयाच्या दंडाखेरीज जखमी माणसाचा समुत्थानव्यय, म्हणजे तो बरा होऊन पुन्हा उभा राहीपर्यंतचा औषधोपचाराचा खर्च, सोसावा असे विधान आहे, आणि ज्या मिताक्षरेच्या आधारे महाराष्ट्रातील शास्त्री पुढे शेकडो वर्षे व्यवस्था देत आले ती याज्ञवल्क्यावरचीच टीका होय. मनूने तर गाडीच्या अपघाताचाही तपशीलवार विचार केला आहे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक भंगले, अथवा सारथ्याने बाजूला होण्यासाठी मोठ्याने ओरडून सांगितले असताही माणूस हटला नाही, तर दंड नाही. परंतु सारथी अडाणी असल्यामुळे गाडी भलतीकडे जाऊन नुकसान झाले, तर दंड गाडीच्या मालकाला. अकुशल माणसाच्या हाती वाहन देणारा धनीच जबाबदार, हा आजच्या मोटार कायद्यातील सिद्धांत बैलगाडीच्या काळातही कोणाला तरी सुचला होता, एवढे यावरून दिसते. तथापि दोन गोष्टी विसरता कामा नयेत. दंडाची रक्कम राजाच्या खजिन्यात जाई, जखमी माणसाच्या वाट्याला वैद्याचा खर्च तेवढा येई. तुटलेल्या हाताने उरलेले आयुष्य कसे कंठावे याचे उत्तर त्यात नव्हते. शिवाय गावगाड्यात ग्रंथापेक्षा पाटील, कुलकर्णी आणि गोतसभा यांचाच शब्द चाले, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

या प्रश्नाचे खरे उत्तर मराठी मुलुखात ज्याने दिले तो न्यायाधीश नव्हता, सेनापती होता. १६५९ साली अफजलखानाचा मोड झाल्यानंतर शिवाजी महाराजांनी जी व्यवस्था लावली तिचे वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत केले आहे: जे लोक पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या बायकांना निम्मे वेतन चालू केले, आणि जखमींना जखम पाहून दर असामीस दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन याप्रमाणे दिले. सभासदाने हे एका वाक्याच्या ओघात लिहून टाकले आहे, पण त्यात तीन स्वतंत्र तत्त्वे आहेत: वारसास रोजगार, विधवेस निर्वाहवेतन आणि जखमेच्या गांभीर्यानुसार चढत्या श्रेणीने रक्कम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील कायदेपंडित ज्या निष्कर्षाप्रत आले त्याचा सांगाडा येथे सिद्ध आहे. पुढे पेशवाईच्या दफ्तरात बालपरवेशी या नावाने लढाईत पडलेल्यांच्या मुलाबाळांना दिलेल्या नेमणुका आणि जमिनी यांचे उल्लेख येतात, ते याच रीतीचे सातत्य दाखवतात.

परंतु ही रीत होती, हक्क नव्हता. बालपरवेशी मिळे ती सरकारच्या चाकरास, आणि सरकारच्या मर्जीने. सनद न मिळाल्यास वारसाने दाद मागावी असे ठिकाण नव्हते, आणि वाड्याच्या बांधकामावरून पडलेल्या पाथरवटाचा किंवा तोफखान्याच्या कारखान्यात भाजलेल्या लोहाराचा विचार झाला तर तो कारभाऱ्याच्या दयाबुद्धीवर अवलंबून होई. तरीही या पद्धतीचा एक गुण तिच्यानंतर आलेल्या पद्धतीत नव्हता: जखम झाली ती तुझ्याच गाफिलीने झाली नाही कशावरून, असे सभासदाच्या सरकारने कोणा जखमी मावळ्यास विचारल्याचे आढळत नाही.

इंग्रजी कायद्याने नेमका हाच प्रश्न प्रथम विचारला. विलायतेत १८०८ साली एका न्यायाधीशाने असा निर्णय दिला होता की, मनुष्याचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येण्याजोगी हानीच नव्हे. म्हणजे गाडी उलटून पाय मोडला तर दावा चाले, पण माणूस मेला तर त्याच्या बायकोस काहीही मागता येत नसे, आणि त्यामुळे जखमी करण्यापेक्षा ठार करणे स्वस्त पडे. आगगाड्या सुरू होऊन प्रतिष्ठित लोकही अपघातात मरू लागले तेव्हा १८४६ साली पार्लमेंटने हा दोष दूर केला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, आणि १८५५ साली कलकत्त्याच्या विधिमंडळाने त्याच धर्तीचा कायदा हिंदुस्थानसाठी मंजूर केला: दुसऱ्याच्या गैरकृत्याने वा हयगयीने मनुष्य मेला, तर त्याची पत्नी, पती, आईबाप आणि मुले यांच्या वतीने नुकसानभरपाईचा दावा करता येईल. कागदावर ही मोठीच प्रगती होती. पण पुढच्याच वर्षी बोरघाटाच्या चढावाचे काम सुरू झाले आणि ते १८६३ साली पुरे होईपर्यंत पटकीने, दरडींनी व सुरुंगांनी हजारो मजूर दगावले. त्यांच्यापैकी कितीजणांच्या बायकांनी दिवाणी कोर्टात वकील देऊन कंत्राटदाराची हयगय शाबीत केली असेल, याचा अंदाज बांधण्यास दफ्तर चाळण्याची जरुरी नाही.

नोकराच्या वाटेत आणखी एक धोंड होती. १८३७ साली विलायतेत एका खाटकाचा चाकर अति भरलेल्या गाडीवरून जात असता गाडी मोडून जबर जखमी झाला आणि त्याने धन्यावर दावा लावला. न्यायालयाने तो फेटाळला. आणि या खटल्यातून पुढे असे तत्त्व वाढीस लागले की, नोकरी पत्करणारा मनुष्य तिच्यातले धोके, आणि विशेषतः आपल्या सोबत्यांच्या चुकांपासून उद्भवणारे धोके, आपखुशीने पत्करतो. सबब एका नोकराच्या चुकीने दुसरा जखमी झाला तर धनी जबाबदार नाही. म्हणजे रस्त्यावरच्या परक्या माणसाला धन्याच्या गाडीने चिरडले तर त्याला भरपाई मिळावी, आणि त्याच गाडीवर राबणाऱ्या चाकराला मात्र मिळू नये! न्यायदेवता डोळे बांधून उभी असते असे म्हणतात. या एका बाबतीत तिचे डोळे उघडे होते आणि ते धन्याकडे लागलेले होते, असेच म्हणावे लागते. हिंदुस्थानात हा बचाव कायद्याने मोडीत निघण्यास १९३८ साल यावे लागले.

अशा स्थितीत मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या. कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये चालू झाली, आणि पुढील तीस वर्षांत गिरणगावाची धुराडी आकाशात दिसू लागली. एका वाफेच्या इंजिनावर सगळे खाते चाले. छताशी फिरणाऱ्या लाटेवरून प्रत्येक यंत्राकडे चामडी पट्टे उतरत, आणि त्या पट्ट्यात धोतराचा सोगा, अंगरख्याची बाही किंवा बाईच्या लुगड्याचा पदर सापडला म्हणजे माणूस वर खेचला जाई. साचेखात्यात धोटा ठिकाण सोडून उडाला तर समोरच्या साचेवाल्याचा डोळा फोडी. पिंजणखात्यात दाते लावलेले रूळ बोटे ओढून घेत. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने धोक्याच्या यंत्रांना कठडे घालण्याची तरतूद केली खरी, परंतु बोट गेलेच तर त्याचे पुढे काय, याविषयी तो कायदा मुका होता.

त्याचे पुढे काय होई हे मात्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाडीवाडीस माहीत होते. गिरणीतला मोठा भरणा कोकणातून आणि घाटावरच्या साताऱ्यासारख्या भागातून आलेल्या कुळंब्यांचा. ते आले ते जॉबरच्या वशिल्याने, राहिले ते जॉबरच्या मर्जीने, आणि हात गेल्यावर जॉबरने दुसरा बदली गडी उभा केला म्हणजे बोटीचे भाडे जमवून गावी परतले. तेथे भावाच्या वाट्याच्या भातात त्यांचा वाटा निघे. मुंबईच्या भांडवलाच्या उभारणीचा हिशेब मांडणाऱ्यांनी कापसाचे भाव, अमेरिकन यादवी युद्ध, चीनचा सुताचा व्यापार या सर्वांची नोंद केली आहे. पण गिरणीने मोडलेल्या माणसाला मरेपर्यंत पोसण्याचा खर्च कोकणच्या खाचरांनी उचलला, ही रक्कम कोणत्याही ताळेबंदात मांडलेली दिसत नाही. लोखंड्यांचे पाचवे कलम हा खर्च ज्याचा त्याच्या खाती टाकावा असे सांगत होते.

योगायोग असा की, त्याच वर्षी, म्हणजे जुलै १८८४ मध्ये, जर्मनीत बिस्मार्कने अपघातविम्याचा कायदा संमत करून घेतला. दोष कोणाचा हा प्रश्न बाजूस ठेवून, कारखान्यातील इजा हा कारखानदारीचाच एक खर्च मानावा आणि त्याची वर्गणी कारखानदारांनी भरावी, हे त्यातील सूत्र होते. इंग्लंडने १८९७ साली मालकावर थेट जबाबदारी टाकून निराळ्या मार्गाने हेच साधले. हिंदुस्थानात मात्र पहिले महायुद्ध, त्यानंतरचे मोठमोठे संप आणि १९१९ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय मजूर संघटना यांचा रेटा पडल्यावरच सरकार हलले, आणि १९२३ चा आठवा कायदा, वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट, १ जुलै १९२४ पासून अमलात आला. कायदेमंडळात कामगारांची बाजू एकाकीपणे मांडणारे नारायण मल्हार जोशी तोवर सभासद म्हणून स्थिरावले होते. वादविवादात आवाज न चढवता आकडे आणि कलमे यांवर बोट ठेवून बोलणाऱ्या या माणसाची आठवण गिरणगावाने ठेवली तितकी मध्यमवर्गाने ठेवली नाही.

या कायद्याचे मर्म त्याच्या तिसऱ्या कलमात होते. नोकरीतून आणि नोकरी चालू असता उद्भवलेल्या अपघाताने इजा झाली की मालक देणेकरी. कामगार नशेत असला, सुरक्षिततेचा स्पष्ट हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा कठडा मुद्दाम काढून टाकला, तरच मालकाला सुटका. आणि पुढे मृत्यूच्या बाबतीत हे आक्षेपही काढून घेण्यात आले. दिवाणी कोर्टाऐवजी कमिशनर नेमला, जेणेकरून दावा लवकर आणि कमी खर्चात निकालात निघावा. मृत्यूची रक्कम मालकाने परस्पर वारसांच्या हाती न देता कमिशनरकडेच भरावी, परस्पर दिलेली जमेस धरू नये, असाही दंडक घातला. कारण निरक्षर विधवेचा अंगठा घेऊन पन्नास रुपयांत हजाराची पावती करणे ही कला तेव्हाही लोकांना अवगत होती. या रकमेवर सावकाराची जप्ती येऊ नये, अशी तरतूदही त्यात होती.

आकडे पाहिले म्हणजे मात्र उत्साह आवरता घ्यावा लागतो. प्रौढ कामगार मेला तर तीस महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. कायमचा पूर्ण निकामी झाला तर बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा ३,५००, पुन्हा जे कमी असेल ते. तात्पुरत्या इजेत पहिल्या दहा दिवसांचे काहीच नाही, आणि नंतर पंधरवड्यास मासिक पगाराचा चौथा हिस्सा, म्हणजे लोखंड्यांनी मागितलेल्या पूर्ण पगाराच्या जागी अर्धा. अज्ञान कामगाराच्या मृत्यूची किंमत सरसकट २०० रुपये ठरली होती. हिशेबनिसाच्या दृष्टीने तिचे समर्थन करता येईल, कारण मुलावर कोणाचा संसार अवलंबून नसतो. पण गिरणीत बारा-तेरा वर्षांचे पोर ज्या घरातून येई त्या घराला ते समर्थन पटले असते, असे वाटत नाही.

कायद्याच्या शेवटी जोडलेले पहिले परिशिष्ट हे तर आपल्या काळातील एक विलक्षण दस्तऐवज आहे. उजवा हात कोपरापाशी वा वर गेला तर कमावण्याच्या शक्तीची हानी शेकडा ७०, डावा गेला तर ६०, पाय गुडघ्यापाशी वा वर ६०, दोन्ही कानांचे बहिरेपण ५०, एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०, इतर कोणतेही बोट ५. दरमहा ३० रुपये मिळवणाऱ्या साचेवाल्याच्या बाबतीत याचा अर्थ असा की, पूर्ण निकामी झाल्यास त्याचे मोल १,२६० रुपये. उजव्या हाताचे ८८२, डाव्याचे ७५६, अंगठ्याचे ३१५, करंगळीचे ६३. उजव्या आणि डाव्या हातातील तफावत १२६ रुपयांची, म्हणजे नेमकी एका तर्जनीएवढी. डावखुऱ्या माणसाने काय करावे याचा खुलासा परिशिष्टात नव्हता. हे कोष्टक निर्दय आहे असे प्रथमदर्शनी वाटते, आणि ते तसे आहेच. परंतु कोष्टक नसते तर प्रत्येक बोटासाठी गरीब माणसाला श्रीमंताशी घासाघीस करावी लागली असती, हेही तितकेच खरे आहे. ठरलेला अल्प भाव हा न ठरलेल्या भावापेक्षा दुबळ्याच्या अधिक उपयोगी पडतो. सभासदाच्या बखरीतील दोनशे-शंभर-पन्नास-पंचवीसची श्रेणी मला याच कारणाने महत्त्वाची वाटते.

कायदा झाला, पण दावे लगेच वाढले असे झाले नाही. दाव्याची मुदत आरंभी अवघी सहा महिन्यांची होती, आणि जखमी माणूस तोवर गावी पोचून अंथरुणावर असे. अपघाताची बातमी द्यावयाची कोणी, कागद लिहावयाचा कोणी, गिरणीच्या डॉक्टरने हानी शेकडा दहा लिहिली तर ती पंचवीस आहे असे सांगणारा दुसरा डॉक्टर आणावयाचा कोठून, या प्रश्नांची उत्तरे कामगार संघटनांच्या कचेऱ्यांतूनच मिळू शकत होती, आणि जेथे संघटना नव्हती तेथे ती मिळतच नसत. मजूरविषयक व्हिटली कमिशनच्या १९३१ च्या अहवालानंतर कायद्यात बऱ्याच सुधारणा झाल्या. १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा १९५४ साली मुंबईत लागू होऊन गिरणी कामगारांच्या इजेचा भार विम्यावर गेला, आणि मूळ कायदा मुख्यतः बांधकाम, वाहतूक, खाणी यांसारख्या विखुरलेल्या धंद्यांतील माणसांसाठी उरला. दावा लावण्याची मुदत पुढे दोन वर्षांची झाली.

नोकरी कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हा प्रश्न मात्र कोणत्याही दुरुस्तीने सुटणारा नव्हता. तो न्यायालयांनाच एकेका प्रकरणातून सोडवावा लागला. मुंबईच्या बेस्टचा एक बसचालक जुलै १९५७ मध्ये जोगेश्वरी डेपोतील आपली पाळी संपवून दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला असता अंधेरीजवळ ती बस उभ्या लॉरीवर आदळली आणि तो प्राणास मुकला. संस्थेचे म्हणणे असे की, पाळी संपली तेव्हाच चाकरी संपली. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने चालकाच्या विधवेच्या बाजूने निर्णय दिला: गणवेषातील चालकाला बसमधून मोफत प्रवासाची मुभा होती, पसरलेल्या शहरात वेळेवर कामावर येणे-जाणे हे संस्थेच्याच हिताचे होते, आणि म्हणून तो घरचा प्रवासही चाकरीतच मोडतो.

दरम्यान १९६२ च्या दुरुस्तीने परिशिष्ट नव्याने लिहिले जाऊन त्यातील उजव्या-डाव्याचा भेद गेला होता. दोन्ही हातांना एकच भाव आला. तरीही कोष्टक ते कोष्टकच. ओरिसातील एका सिनेमागृहाच्या कामावर असलेला सुतार पडून त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला, तेव्हा मालकाने ही हानी पूर्ण नव्हे, अंशतःच आहे असा युक्तिवाद केला. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७५ च्या अखेरीस तेथे असे ठरले की, सुतारकाम एका हाताने होत नाही, सबब या माणसाची हानी शेकडा शंभर धरली पाहिजे; आणि रक्कम देय होते ती कमिशनरने निकाल दिला त्या दिवशी नव्हे, अपघात झाला त्या दिवशीच.